माऊस पोरांच्या हातात, तुझे हात खिशात

पत्र थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलगा कोल्हापूरच्या राजारामपुरीतला, पुण्याच्या कंपनीत सॉफ्टवेअर डेव्हलपर, काम घरूनच. ज्या शाळेत शिकला तिथल्याच मुख्याध्यापक बाईंनी त्याला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, शनिवारी सकाळी सहावी-सातवीच्या पोरांना तेवढं कोडिंग दाखव की. मराठी माध्यम, पोरं ४२, लॅबमध्ये चालू असलेले कॉम्प्युटर ९. ह्यानं हौसेनं स्लाइड बनवल्या, पायथॉन ही कोड लिहायची भाषा मशीनवर टाकून घेतली आणि तीन शनिवारांत पार वैतागला. लिहितो, "ताई, अर्धी पोरं फळ्यावरचं वहीत उतरवून घेतात आणि बाकीची चिमटे काढत बसतात. एरर आला की मी पळत जाऊन नीट करून देतो, पण नऊ मशीनला मी एकटा कुठं कुठं पुरणार? परवा एक मुलगी विचारते, सर हे परीक्षेला आहे का? वर्गशिक्षक मागं बसून वह्या तपासतात. मला शिकवायला येत नाही असं वाटायला लागलंय, सोडून देऊ का? सोडायचं नसेल तर भाषा कुठली घेऊ, कॉम्प्युटर किती लागतील, आणि कुणाकडं पैसे मागू का?"

पहिलं म्हणजे सोडू नकोस. शनिवारची झोप मोडून फुकटात जाणारी माणसं किती असतात, बाईंनी तुला हुडकून काढलंय ते उगाच नाही.

पण तुझ्या पत्रातल्या त्या एका वाक्यावर मी अडकले बघ, एरर आला की मी पळत जाऊन नीट करून देतो. म्हणजे काय होतं बघ, पोरानं पहिलं अक्षर कॅपिटल करून प्रिंट टाईप केलं, पायथॉनला ते कळत नाही, लाल अक्षरात नेमएरर (हे नाव मला माहीत नाही) आला, तू आलास, एक बटण दाबलंस, चाललं, आणि तू पुढच्या मशीनवर. पोराला त्यातनं कळलं काय, तर सरांना येतं. आता तूच सांग, कंपनीत तू दिवसभर काय करतोस? नवीन कोड लिहितोस त्याच्यापेक्षा जास्त वेळ हे का चालंना म्हणून डोकं खाजवत बसतोस ना? मग धंद्यातला तोच मजेचा भाग तू स्वतःकडं ठेवलास आणि पोरांना काय दिलंस तर फळ्यावरनं उतरवून घेणं, ते तर ती बाकीच्या सगळ्या तासांना करतातच की. चिमटे काढणारच.

तालमीत पहिल्या दिवशी पोराला कुस्तीच्या इतिहासाच्या स्लाइड दाखवत नाहीत, लाल मातीत उतरवतात आणि पडू देतात. तू पण तेच कर. पुढचे दोन-तीन शनिवार लॅबला कुलूपच लावून टाक, कॉम्प्युटर नकोच. तसंही लाईट गेली की तुझा तास संपतो, हा संपणार नाही.

ह्या शनिवारी चिरमुरे, फरसाण, शेंगदाणे, एक कांदा, कोथिंबीर, लिंबू, तिखट-मीठ आणि एक मोठं पातेलं घेऊन जा. पोरांना सांग की मी कॉम्प्युटर आहे, मला भेळ करता येत नाही, तुम्ही चिठ्ठीवर लिहून द्या, जसं लिहाल तसं करणार, स्वतःचं डोकं अजिबात चालवणार नाही. चार-पाच जणांचे गट कर. पहिली चिठ्ठी येईल, "चिरमुरे घाला, कांदा घाला, तिखट घाला, हलवा." तू काय करायचं, चिरमुऱ्याची पिशवी न फोडता तशीच्या तशी पातेल्यात ठेवायची, वर अख्खा कांदा सालीसकट, वर तिखटाची पुडी, आणि "हलवा" म्हटलंय ना, मग पातेलंच धरून गदागदा हलवायचं. चेहरा एकदम सरळ ठेवायचा, हसायचं नाही. पोरं लोळतील हसून, ओरडून ओरडून सांगतील की सर असं नाही, पिशवी फोडा आधी! तू फक्त म्हणायचं, चिठ्ठीत दाखव कुठं लिहिलंय. बास्स. ती चिठ्ठी परत नेतील आणि सुधारून आणतील, मग "पिशवी फोडा" येईल, "कांद्याची साल काढा, बारीक चिरा" येईल, आणि एखादं बारकं पोरगं विचारेल की चिरायचं कधी थांबायचं ते पण लिहायचं का. असं विचारणारं पोरगं सापडलं की समज, तुझी सकाळ वसूल झाली. मग हळूच सांग की वर्गातल्या तिघांना तिखट चालत नाही, आता काय लिहाल, आणि मग ते "जर"वर येतात, तुला कंडिशनची व्याख्या द्यावी लागत नाही. शेवटी भेळ खाऊन टाका अर्थात, पातेलं रिकामं होईपर्यंत कुणी हलणार नाही. (सुरीला मात्र फक्त तूच हात लावायचा.)

पुढच्या शनिवारी पटांगणात फक्कीनं आठ बाय आठचे चौकोन आख. एक पोरगा रोबो, एक जण ऑर्डर देणारा, मधे दोन-चार दप्तरं आडवी टाक, ती चुकवून रोबोला पलीकडं न्यायचं. इथं पाच मिनिटांत भांडण होणार, मी आत्ताच लिहून देते. ऑर्डर देणारा म्हणेल उजवीकडं, रोबो खेकड्यासारखा उजव्या चौकोनात सरकेल, दुसरा गट ओरडेल अरे सरकायचं नाही, वळायचं! मग तिसरा म्हणेल कुणाची उजवी, तुझी का त्याची, कारण रोबो समोर तोंड करून उभा आहे आणि दोघांच्या उजव्या बाजू उलट्या आहेत. ह्या भांडणात तू अजिबात पडू नकोस, कडेला हात खिशात घालून उभा राहा. दहा मिनिटं गोंधळ चालू दे, चाळीस पोरांतलं कोणीतरी स्वतःच म्हणतं की वळणं वेगळं ठेवूया आणि पुढं जाणं वेगळं ठेवूया, आणि उजवी म्हणजे रोबोची उजवी. झालं. १९६७ मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी मुलांसाठी लोगो नावाची भाषा काढली, पुढं तिच्यात रेघा काढत फिरणारं कासव आलं, त्या कासवाच्या मुख्य ऑर्डर ह्याच दोन, इतकं पुढं जा आणि इतकं वळ. पॅपर्टचं म्हणणंच होतं की पोरानं स्वतःला कासवाच्या जागी ठेवून बघावं, आपण चाललो असतो तर कसं चाललो असतो. तुझी पोरं तर खरंच चालतायत.

ते जमलं की त्रिकोण दे. चौरस सगळ्यांना येतो, पाच पावलं पुढं, ९० अंश वळ, हे चार वेळा. त्रिकोणाला सातवीची पोरं छाती फुगवून ६० म्हणतील, कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० हे पाठ असतं. चालू दे त्यांना ६० वळून. तीनदा केलं तरी जिथनं निघाले तिथं येत नाहीत, भलतीकडंच पोचतात, आणि तसंच पुढं रेटलं तर षटकोन होतो! आता बघ त्यांचे चेहरे. पुस्तक सांगतंय ६० आणि पाय सांगतायत नाही. तू उत्तर द्यायचं नाहीस, शपथ घे. एवढंच विचार, की पूर्ण फेरी मारून परत होतास त्याच दिशेला तोंड करून उभा राहिलास तर एकूण वळलास किती? ३६०. वळलास किती वेळा? तीन. मग? १२० बाहेर पडतं आणि मग कोणीतरी खडूनं जमिनीवर काढून दाखवतं की आतला कोन ६०च आहे पण आपण वळतो तो बाहेरचा. भूमितीच्या बाईंना तेवढ्यापुरतं बोलवून आण, त्यांना जाम आवडेल.

शाळेत लेझीमचं पथक असेल तर लूप शिकवायला दुसरं काहीच नको, त्याच ठेक्यावर तेच हात परत परत, कितीदा करायचं ते हलगीवाला ठरवतो. पोरांना एक प्रकार कागदावर कमीत कमी ओळींत लिहायला सांग.

एखादा शनिवार आकड्यांना दे, पण सगळा तास नको, कंटाळतात. पाच पुठ्ठे, १६, ८, ४, २, १ असे ठिपके काढलेले, पाच पोरं ओळीनं उभी, पुठ्ठा दाखवला तर १, पाठ फिरवली तर ०. आता शाहू महाराजांची जयंती दाखवा म्हण, २६ जून. १६ आणि ८ झाले २४, २ घातले की २६, म्हणजे दाखव, दाखव, लपव, दाखव, लपव. मग प्रत्येकाची वाढदिवसाची तारीख. पाच पोरांत ३१ पर्यंतच जातं आणि महिन्याचे दिवस पण ३१च, त्यामुळं कुणाचीच तारीख सुटत नाही. हे सगळं न्यूझीलंडमधल्या लोकांनी १९९०च्या दशकात फार सुंदर बसवलंय, सीएस अनप्लग्ड (म्हणजे कॉम्प्युटर न लावता कॉम्प्युटर सायन्स) नावानं, त्यांच्या साइटवर फुकट आहे, वेळ मिळाला की बघून ठेव.

आणि तुझ्या वर्गात कुणाचे मामा, काका इचलकरंजीला कापडाच्या कारखान्यात असतील तर सोन्याहून पिवळं. नक्षी विणायच्या जकार्ड मागाचं एखादं जुनं पंचकार्ड, म्हणजे भोकं पाडलेला पुठ्ठा, मिळतंय का बघ. भोक असलं की ताण्याचा दोरा वर उचलतो, नसलं की खाली राहतो, एवढ्यावर काठपदराची सगळी नक्षी निघते. फ्रान्समध्ये जकार्डनं ते १८०४च्या सुमाराला केलं, पुढं इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी तीच कार्डांची कल्पना उचलली. आपल्याकडं कॉम्प्युटर म्हटलं की पोरं पुणे-बेंगळुरूकडं बघतात, आणि इकडं तासाभराच्या अंतरावर कुणाच्या तरी काकांनी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर आयुष्यभर कापड विणलेलं असतं. चौकटीच्या वहीत काठाची नक्षी काढायला लाव, भरलेला चौकोन १, रिकामा ०, मग नुसते आकडे शेजारच्या बाकावर पाठवायचे, चित्र दाखवायचं नाही, पलीकडच्यानं आकड्यावरनं नक्षी काढायची. एक आकडा गळला तरी पुढची अख्खी ओळ सरकते, आणि कुठं चुकलं ते शोधायला दोघं वहीवर वाकून बसतात. तुला बघायचंय ते हेच.

एवढं झालं की मग लॅब उघड. भाषा कुठली विचारलंस तर ह्या वयाला स्क्रॅच, डोळे झाकून. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबनं २००७ मध्ये काढलंय, ८ ते १६ वयाच्या पोरांसाठीच आहे, कोड टाईप न करता पडद्यावर ऑर्डरचे ठोकळे जोडायचे असल्यामुळं कंस राहिला, स्पेलिंग चुकलं ही कटकट नाही, आणि मराठी माध्यमाच्या पोरांना कीबोर्डवर एकेक अक्षर हुडकण्यात तास घालवायला लागत नाही. फुकट आहे आणि डाउनलोड करून ठेवलं की नेट पण लागत नाही. फक्त शाळेची मशीन जुनी असतील, नवीन अ‍ॅपला विंडोज १० तरी पाहिजे, त्याच्या आधीचं असेल तर स्क्रॅचच्या साइटवर जुनी व्हर्जन ठेवलेली आहेत, १.४ तर एकदम डबड्या मशीनवर पण चालतं. शुक्रवारी संध्याकाळीच जाऊन नऊच्या नऊ मशीन चालू करून बघून ये, शनिवारी पोरांसमोर इन्स्टॉल करत बसलास की संपलास तू.

नऊ पुरतात. ४२ चे दोन भाग कर, निम्मे लॅबमध्ये, निम्मे वऱ्हांड्यात वरचे खेळ खेळतायत, मधल्या सुट्टीनंतर अदलाबदल. म्हणजे एका मशीनला दोघं, फार तर तिघं. आता नियम एकच पण तो कडक पाळ. ज्याच्या हातात माऊस त्यानं डोकं चालवायचं नाही, शेजारचा सांगेल तेवढंच करायचं, आणि सांगणाऱ्यानं माऊसला हात लावायचा नाही, पाच मिनिटांनी घंटा, अदलाबदल. हा नियम नसला की काय होतं ते मी बघितलेलं आहे, प्रत्येक मशीनवर एक दांडगा पोरगा माऊस धरून बसतो आणि पोरी मागं उभ्या राहून वहीत सुंदर अक्षरात "स्क्रॅचची माहिती" लिहून काढतात. ती परीक्षेला आहे का विचारणारी मुलगी आहे ना, तिच्या हाताला आत्तापर्यंत माऊस लागला होता का, आठवून बघ.

आणि सर्वांत कडक नियम तुझ्यासाठी, तू कुठल्याच माऊसला हात लावायचा नाही. पोरं "सर चालंना" म्हणून ओरडतील. तू जाऊन तीनच गोष्टी विचार, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं, आणि पहिल्यांदा कुठल्या ठोकळ्याला बिघडलं. बरीच पोरं तिसरा प्रश्न विचारेपर्यंतच "अय्यो, कळलं कळलं" करतात. ज्यांना कळत नाही त्यांना एकेक ठोकळा सुटा करून चालवून बघायला लाव. हात शिवशिवतील तुझे, मला माहितीय, दोन सेकंदाचं काम असतं, पण नाही.

पहिल्याच दिवशी गेम करूया म्हणतील, करू दे. मांजर त्यात आयतं मिळतं पण आपली पोरं म्हैस काढतील, शिवाजी पेठ-मंगळवार पेठेची फुटबॉल मॅच लावतील, पेनल्टी मारतील, स्वतःच्या आवाजात "गोल" ओरडून रेकॉर्ड करतील. करू दे. चेंडू गोलपोस्टकडं न्यायचा म्हणजे जागेचे आकडे लागतात, स्क्रॅचच्या पडद्याच्या मधोमध शून्य असतो, आडवं उणे २४० ते २४०, उभं उणे १८० ते १८०. सहावीच्या पोराला ऋण संख्या नुकत्याच शिकवलेल्या असतात आणि त्या कशाला असतात ते त्याला अजून कळलेलं नसतं. चेंडू डावीकडं न्यायला उणे लागतं म्हटल्यावर कळतं.

मधेच एखाद्या शनिवारी तू स्वतः मुद्दाम बिघडवलेला प्रोग्राम घेऊन जा. सहा जागी बिघाड करून ठेव, चेंडू गोलमधनं आरपार जातो, स्कोर उलटा मोजतो, मॅच संपतच नाही असं, आणि सांग की मी केलाय, चालंना, बघा जरा. सरांची चूक काढायला मिळाली तर चिमटे काढणारे पण खुर्च्या पुढं ओढून घेतात.

पायथॉन वाईट नाही, फक्त आत्ता नको. आठवी-नववीला ज्याला स्क्रॅच अपुरं पडायला लागेल तो स्वतः विचारायला येईल, त्याला दे. मायक्रोबिट, सेन्सर, रोबोटचे किट ह्यांच्या जाहिराती येतील तुझ्याकडं, मायक्रोबिट चांगलं आहे, पोरांसाठीचा बारका कॉम्प्युटर, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडं मोठं, २५ एलईडी, ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये ११-१२ वर्षांच्या पोरांना फुकट वाटलं होतं. पण घ्यायची घाई नको, मेककोड ह्या त्याचा कोड लिहायच्या साइटवर ते पडद्यावरच चालवून बघता येतं, पोरांना आधी तिथं खेळू दे.

परीक्षेचं विचारणाऱ्या मुलीला सरळ सांग, नाही. आईबाप विचारतील तेव्हा सांगायला असू दे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासनं कोडिंगच्या अ‍ॅक्टिव्हिटी घ्या असं लिहिलेलं आहे, त्यामुळं हे सरांचं खूळ नाही. मात्र तुमचं पोर अ‍ॅप बनवून लाखो कमवेल असल्या गप्पा कुणी मारल्या तर तिथल्या तिथं थांबव, जाहिराती बघून त्यांची अपेक्षा भलतीकडं गेलेली असते.

वह्या तपासणाऱ्या सरांवर रागवू नकोस. त्यांना कोणी काही सांगितलेलंच नाही, बाहेरचा पोरगा येऊन शिकवतोय तर तेवढ्यात वह्या उरकून घेऊ, एवढंच असतं. भेळेला त्यांनाच कॉम्प्युटर कर. तुझ्यापेक्षा पोरांना त्यात दुप्पट मजा येईल, आपल्या सरांना ऑर्डर देऊन सालीसकट कांदा घालायला लावायचा म्हणजे काय! नंतर घंटा त्यांच्या हातात दे. कंपनीत तुझा रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअर बाहेर पडायचं, असेल त्या आठवड्यात तू शनिवारी येणार नाहीस, कितीही म्हटलं तरी, आणि सरांना ते तीन प्रश्न विचारता आले तर तास बुडत नाही. त्यांना स्क्रॅच यायची गरज नाही. येत नसलं तर उलट बरं, माऊसला हात लावायचा मोहच होणार नाही त्यांना.

पैशाचं म्हणशील तर सध्या कुणाकडंच मागू नकोस. पैसे आले की हिशेब येतो, फोटो येतात, बॅनर येतो, उद्घाटनाला दोन तास जातात. भेळेचं सामान तुझ्या खिशातनं जाईल तेवढं जाऊ दे. बाईंकडं मात्र तीन गोष्टी मागून घे, बंद पडलेल्या मशीनचे चांगले माऊस काढून द्या, लॅबची किल्ली शुक्रवारी संध्याकाळी द्या, आणि परीक्षा जवळ आली म्हणून शनिवार काढून घेऊ नका. तिसरी कबूल करतील, तरी फेब्रुवारीत एकदा आठवण करून दे.